बोदवडला न थांबणारी गाडी

इरा आणि नील,

तुमचा प्रश्न मी फोनवर ऐकला तेव्हाच वहीत उतरवून ठेवला. तो असा होता: "आजी, तू बावीस वर्षं अप-डाऊन केलंस. ते करण्यासारखं होतं का? कारण बाबा आता लंडनला अप-डाऊन करणार म्हणतो." मी तेव्हा विचार करून लिहिते म्हणाले. पण फार उशीर करून चालणार नव्हतं, कारण तुमच्या बाबाला या महिन्यातच लंडनच्या नोकरीचं उत्तर द्यायचं होतं. म्हणून नुसता घरी बसून विचार करण्यापेक्षा मी आठवडाभर फिरून आले. बोदवड, धुळे आणि सोनगीर. काल पिंप्राळ्याला, जळगावच्या घरी परतले, पिशवी रिकामी केली, कपडे वाळत घातले आणि लिहायला बसले.

आमच्याकडे राहायचं एका गावात आणि नोकरीला रोज दुसऱ्या गावी जाऊन परत यायचं, याला अप-डाऊन म्हणतात. जळगाव-भुसावळ पट्ट्यात घरटी एक अप-डाऊनवाला सापडेल. तुमच्या बाबाचं अप-डाऊन मात्र समुद्रावरून आहे. सोमवारी न्यू जर्सीहून निघायचं, गुरुवारी रात्री परत यायचं. आज त्याला विमानात सात तास लागतात. पण आवाजापेक्षा जोरात उडणारी प्रवासी विमानं पुन्हा येणार आहेत, मग हे अंतर साडेतीन तासांचं होईल आणि तो एक मुक्काम करून दुसऱ्या दिवशी घरी येईल, असं त्याचं म्हणणं. "आई, पुण्याच्या बसला तुला जेवढा वेळ लागतो त्याच्या निम्म्या वेळात मी लंडनला असेन," असं तो मला हसत म्हणाला. ते खरंही आहे, म्हणून मी हसले नाही.

अशी विमानं माझ्या तरुणपणी युरोप-अमेरिकेत धावत होती, पुढे बंद पडली. ती इंधन फार पितात आणि तिकीट सामान्य माणसाच्या हाताबाहेरचं असतं. आणखी एक गोष्ट मला कळली ती लक्षात ठेवा, पुढे लागेल. अशा विमानामागे स्फोटासारखा आवाज होतो. तो विमानात बसलेल्यांना ऐकू येत नाही. खाली जमिनीवर जे असतात त्यांना येतो.

बाबा हे तुम्हाला वाचून दाखवेल, तेव्हा यातलं काही त्याच्यासाठीही आहे.

बोदवड, सोमवार

माझी जुनी शाळा बोदवडला. निवृत्त झाल्यावर एकोणीस वर्षांत मी दोनदाच गेले होते, दोन्ही वेळा कुणाच्या तरी गाडीतून. या वेळी ठरवलं की रेल्वेनेच जायचं, जशी रोज जात होते तशी. पाण्याची बाटली, चष्म्याचे दोन डबे, डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, सगळं आदल्या रात्री भरून ठेवलं. वेळापत्रक मात्र पाहिलं नाही. ते मला पाठ होतं. सगळ्या स्टाफला गाड्यांच्या वेळा मी सांगत असे.

जळगाव स्टेशनवर माझ्या आठच्या वेळेला, माझ्याच फलाटावर गाडी लागली होती. मी चढले. खिडकीजवळचे एक गृहस्थ उठले आणि मला जागा दिली. ते चौधरीभाऊ, मलकापूरच्या एका बँकेत कामाला. त्यांच्यासोबत अप-डाऊनवाल्यांचा सगळा घोळका होता. कुणी रुमाल टाकून जागा धरलेली, कुणाच्या पिशवीतून मुरमुऱ्यांचा चिवडा बाहेर आलेला. कुणाच्या तरी मुलीचं लग्न ठरलं होतं, म्हणून भुसावळ येईपर्यंत पेढेही झाले. एक पेढा मलाही मिळाला. मला फार बरं वाटलं. आमच्या डब्यातही असंच चाले. मी इतक्या वह्या गाडीत तपासल्या आहेत की विद्यार्थी म्हणत, मॅडमच्या लाल रेघा वळणावर वाकतात.

वरणगाव मागे पडलं तशी मी उठून पिशवी घेतली. चौधरीभाऊंनी विचारलं, कुठं उतरायचं? मी म्हटलं, बोदवड.

"मॅडम, ही बोदवडला थांबत नाही."

"असं कसं? बावीस वर्षं मी याच वेळेच्या गाडीने गेले आहे."

"ती गाडी बंद होऊन जमाना झाला. ही सुपरफास्ट आहे. बसा, चिवडा घ्या. आता मलकापूर."

डब्यात सगळे हसले. मीही हसले, पण कान गरम झाले होते. तेवढ्यात बोदवड आलं. मी खिडकीला नाक लावून पाहत होते. पिवळी पाटी, कडुनिंब, नळ, फलाटावर बसलेली दोन माणसं. पाटीवरचं नाव पुरतं वाचून होईपर्यंत गाव मागे गेलं. ज्या फलाटावर मी आयुष्यातले कितीतरी तास काढले, तो मला चार सेकंद दिसला.

मलकापूरला उतरले. चौधरीभाऊंनी स्वतः टीसीला गाठून सगळी हकिकत सांगितली. मग मला परतीच्या पॅसेंजरच्या फलाटावर बाकावर बसवलं आणि कागदात गरम कचोरी आणून दिली. "मॅडम, आपली अप-डाऊनवाल्याची सवय वाईट. पाय आपोआप चढतात," असं म्हणून ते बँकेत गेले. मी तिथे दोन तास बसले. गाडी जेवढी जोरात, तेवढी गावं ती कमी ओळखते, हे मला त्या बाकावर पटलं. ते विमानही जळगावला उतरणार नाही. बाबा इकडे यायचा झाला तर मुंबईपुढचा त्याचा प्रवास आहे तेवढाच राहणार.

बोदवडला पोचले तेव्हा सकाळची शाळा सुटत होती. रंजना फाटकातच भेटली. ती माझी दहावी ब मधली विद्यार्थिनी, आता त्याच शाळेत, त्याच वर्गाला इंग्रजी शिकवते. मला वाकून नमस्कार केला आणि थेट स्टाफरूममध्ये नेलं. माझी खुर्ची अजून आहे, फक्त वेत नवा विणला आहे. दशम्या दोघींनी मिळून खाल्ल्या. मी तिला तुमचा प्रश्न सांगितला. तिने डबा बंद केला आणि विचारलं, "मॅडम, खरं सांगू? राग नाही ना येणार?"

राग येणार असेल तरी सांग, असं मी म्हटलं.

"तुमचा शेवटचा तास कधी पुरा झालाच नाही. घंटेच्या दहा मिनिटं आधी तुमची पर्स टेबलावर यायची. आम्हाला कळायचं, मॅडमची गाडी. त्या बर्फात हरवलेल्या माणसाचा धडा आठवतो? तो माणूस जगला की नाही, ते मला गाइडात वाचावं लागलं."

मुलांनो, मी वेळेची पक्की बाई म्हणून त्या शाळेत माझं नाव होतं. कधी उशीर नाही, कधी दांडी नाही. पण गावाबाहेरून येणाऱ्या आम्हा सगळ्या शिक्षकांच्या गाडीसाठी शेवटचा तास आखूड होतो, हे शाळेत सर्वांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. वेळापत्रकच तसं लावलेलं असे. शेवटच्या तासाला सोपे विषय, आणि दहावी ब ला इंग्रजी. कारण ब तुकडीकडून कुणाच्या फारशा अपेक्षा नव्हत्या. इतकी वर्षं मी समजत होते की अप-डाऊनचा सगळा त्रास मी एकटीने सोसला.

मी विचारलं, आता तू कुठे राहतेस? ती लाजून हसली. "भुसावळला, मॅडम. माझीही पर्स दहा मिनिटं आधीच येते."

जळगाव ते धुळे, बुधवार

आता मुराळ्याबद्दल सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. खानदेशात तो लेकींचा सण आहे. सासरी असलेली लेक या दिवसांत माहेरी येते. पण ती आपली आपण येत नाही. माहेरचा कुणी तरी, बहुतेक भाऊ, तिला घ्यायला सासरी जातो. त्याला मुराळी म्हणतात. तो येईपर्यंत लेक पिशवी भरून वाट पाहते.

माझा मुराळी म्हणजे माझा धाकटा भाऊ नाना, राहणार सोनगीर. लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीपासून तो मला घ्यायला येतो आहे. आधी एसटीने, मग मोटारसायकलवर, मग पुन्हा एसटीने. आता तो चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे आणि त्याचे गुडघे गेले आहेत. त्याची मुलगी वैशाली धुळ्याला राहते आणि नोकरीला रोज जळगावला येते. ती त्याला म्हणाली, "आबा, मी रोज आत्याच्या घरावरून जाते. संध्याकाळी येताना तिला घेऊन येईन. तुम्ही कशाला दगदग करता?"

नाना आदल्या दिवशी सोनगीरहून धुळ्याला मुक्कामाला आला आणि सकाळी सहाला तिच्या गाडीत जाऊन बसला. आठच्या आत माझ्या दारात. धोतर, टोपी, हातात काठी आणि पिशवीत माझ्यासाठी हंगामातलं पहिलं डांगर, म्हणजे खरबूज. वैशाली ऑफिसला गेली. नाना दिवसभर माझ्या पलंगावर बसून राहिला, दोनदा झोपला, दोनदा चहा प्यायला. शेजारच्या बाईंनी विचारलं, मुलगी आणणारच होती तर तुम्ही का आलात? तेव्हा तो अहिराणीत म्हणाला, "गाडी कितली बी जोरमां पयू दे, लेवाले कोनी तरी येवाले जोयजे." म्हणजे गाडी कितीही जोरात पळो, घ्यायला कुणीतरी यायला हवं.

संध्याकाळी आम्ही तिघं निघालो. वैशाली चालवत होती. धुळ्याचा हा रस्ता आता चौपदरी झाला आहे. काम चालू होतं तेव्हा इथे धुळीने समोरचा ट्रक दिसत नसे आणि जायला तीन-तीन तास लागत. त्या काळात वैशाली सोमवार ते शुक्रवार माझ्याकडेच राहायची. संध्याकाळी आम्ही दोघी भाकरी करायचो. मी थापायची, ती भाजायची. भाजता भाजता ती फोनवर तिच्या लेकीला पाढे म्हणायला लावायची. लेक तेव्हा पाच वर्षांची होती. सात नवे म्हणताना ती रोज अडकायची आणि वैशालीची भाकरी रोज त्याच वेळी करपायची.

रस्ता झाला आणि वैशाली रोज रात्री घरी जेवायला जाऊ लागली. दीड तास जायला, दीड तास यायला. मला विचाराल तर त्या रस्त्याने माझी सोबत नेली. पहिले काही दिवस मी सवयीने चार भाकरी टाकत होते. पण त्या पोरीला आई मिळाली, हे मी कसं नाकारू? गेल्या पावसाळ्यात नाना न्हाणीघरात पडला, तेव्हा वैशाली जळगावहून दोन तासांत त्याच्याजवळ होती. जुना रस्ता असता तर काय झालं असतं, याचा मी विचारही करत नाही. मी गाडीत तिला म्हटलं, तू दमत नाहीस का? ती म्हणाली, "दमते ना आत्या. पण घरी जाऊन दमते."

एरंडोल गेलं. पारोळ्याला रस्ता आता गावाबाहेरून जातो. नानाने काठीने काचेवर टकटक केली आणि गाडी आत घ्यायला सांगितली. पूर्वी एसटी पारोळ्याला थांबायची, आणि मुराळ्याने बहिणीला तिथे चहा आणि भजी द्यायची, हा त्याचा स्वतःचा नेम. वैशाली वीस मिनिटं जातील म्हणून कुरकुरली. या रस्त्यावरून रोज जाऊन ती दोन वर्षांत पारोळ्यात शिरली नव्हती. भजी तिनेच सगळ्यात जास्त खाल्ली.

सोनगीर, गुरुवार आणि शुक्रवार

वाटेत धुळ्याला रात्र काढून सकाळी आम्ही सोनगीरला पोचलो. किल्ला तसाच आहे, खाली महामार्गावर आग्र्याकडे जाणारे ट्रक तसेच. नानाच्या सुनेने खापर चुलीवर पालथं घातलं होतं. त्यावर हातावर फिरवत मोठी केलेली, चादरीएवढी पुरणपोळी टाकतात, तिला मांडे म्हणतात. तुमच्याकडे पिझ्झावाला पीठ हवेत उडवतो ना, तसंच, पण इथे आतलं पुरण बाहेर येता कामा नये. मी हात धुऊन एक करून पाहिला. तो चुलीत पडला. माहेरी आलेल्या लेकीला कुणी रागवत नाही, त्यामुळे सगळ्यांनी माझ्या मांड्याची राख कौतुकाने पाहिली.

आखाजी त्याच दिवशी होती. पितरांच्या नावाने पाण्याची घागर पुजली, वर डांगर ठेवलं. आंब्याचा रस, मांडे, कुरडया. अंगणातल्या निंबाला झोका होता. वैशालीची लेक झोक्यावर उभी राहून इतकी उंच गेली की मी डोळे मिटले.

दुपारी बसलो असताना एकदम धडाम झालं. खिडकीची तावदानं हलली आणि फळीवरची पितळेची भांडी कितीतरी वेळ किणकिणत राहिली. सोनगीरची भांडी नावाजलेली आहेत, नानाच्या घरात ती ओळीने मांडलेली असतात. मी दचकले. सून म्हणाली, टेकडीपलीकडच्या खाणीत सुरुंग लावतात, खडी महामार्गाला जाते. वैशाली आश्चर्याने म्हणाली की मी रोज गाडी चालवते त्या खडीवरून, हा आवाज कधी ऐकला नाही. नाना म्हणाला, "तू कसी ऐकशी? तू तं रस्तावर ऱ्हास." म्हणजे तू कशी ऐकशील, तू तर रस्त्यावर असतेस.

मला रंजना आठवली. आणि ते विमान, ज्याचा आवाज आत बसलेल्याला येत नाही.

त्याच संध्याकाळी मी तुमच्या बाबाला फोन लावला. तुमच्याकडे सकाळ होती. रंजना काय म्हणाली ते सांगितलं. मलकापूरची फजिती सांगितली, तेव्हा तो इतका हसला की तुम्ही मागून काय झालं विचारत होतात. मग मी त्याला जे विचारायचं तीस-चाळीस वर्षं टाळलं होतं ते विचारलं. तू लहान असताना मी रोज जात होते. तुला कसं वाटायचं?

तो म्हणाला, "तू दमून यायचीस. चिडायचीस पण. पण आई, तू यायचीस. दिवे लागायच्या आत, रोज. मला तेवढंच आठवतं."

मी म्हटलं, "मग तू कसा येणार? तीन रात्री तिकडे राहून?"

"विमान आल्यावर तसं राहावं लागणार नाही."

"अभय, मी बंद पडलेल्या गाडीच्या वेळापत्रकावर भरवसा ठेवून मलकापूरला गेले. तू अजून सुरू न झालेल्या गाडीच्या भरवशावर घर सोडून निघाला आहेस. आपण दोघं सारखेच."

यावर तो हसला नाही. उद्या बोलतो म्हणाला.

शुक्रवारी त्याचाच फोन आला. आईबाबांचं रात्रभर बोलणं झालं आणि त्याने तुम्हालाही विचारलं, हे तुम्हाला माहीत आहेच. त्याने तिकडच्या लोकांना कळवलं आहे की दर आठवड्याला जमणार नाही. महिन्यातून एकदा सलग पाच दिवस येईन, बाकी काम घरून करीन, आणि हे एक वर्षापुरतं. त्यांना चालत असेल तर हो, नाहीतर ही नोकरी नको. जोरात जाणारं विमान येईल तेव्हा पुन्हा विचार करू. त्याच रात्री त्यांचा होकार आला, तेव्हा मी अजून नानाकडेच होते.

म्हणून आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. करण्यासारखं होतं का? हो, होतं. त्या नोकरीमुळे मी माझ्या पायावर उभी राहिले, आणि घरीही रोज परत आले. आणखी जोराची गाडी असती तर मी आनंदाने तिच्यात बसले असते, फक्त बोदवडला ती थांबायला हवी होती. त्या विमानालाही माझी ना नाही. वैशालीचा रस्ता पाहून मी ना कशी म्हणू? माणूस लवकर घरी पोचत असेल तर वेग चांगलाच. पण वाचलेला वेळ कुठे गेला हे आपल्यालाच नीट कळत नाही. ते खाली राहिलेल्यांना विचारावं लागतं. मी दहावी ब ला कधी विचारलं नाही. बाबाने तुम्हाला विचारलं, यात तो माझ्यापेक्षा शहाणा आहे असं मला वाटतं.

एक काम तुम्हाला सांगते. बाबा महिन्यातून एकदा विमानतळावर उतरेल तेव्हा टॅक्सीने येतो म्हणेल. टॅक्सी लवकर पोचते, हेही खरं आहे. तरीही तुम्ही त्याला घ्यायला जा. आईला घेऊन दोघांपैकी एकाने तरी जा, आणि येताना वाटेत काहीतरी गरम खा. उशीर होऊ द्या.

काल सकाळी निघताना मी नानाला म्हटलं की पुढच्या वर्षी तू येऊ नकोस, गुडघ्यांना त्रास होतो, मी वैशालीबरोबर येईन. त्याने माझी पिशवी गाडीत ठेवली, दार लावलं आणि काठी टेकत पलीकडून येऊन पुढच्या सीटवर बसला. लेकीला परत पोचवायलाही मुराळीच जातो, हे मी विसरले होते.

माझी आठची गाडी आता नाही. पारोळा रस्त्याच्या बाजूला पडलं. नाना अजून घ्यायला येतो, आणि सोडायलाही.

तुमची,
आजी